व्यायामाने दंड भरायचेत? आधी टेप आणि वही काढा

सगळ्यात आधी आईच्या शिवणाच्या डब्यातला टेप शोधा. सकाळी उठल्यावर, व्यायामाच्या आधी, उजवा दंड दोनदा मोजायचा, एकदा हात सैल सोडून आणि एकदा बेटकुळी काढून, जिथे सगळ्यात जाड लागतो तिथे. आकडा लिहा, तारीख लिहा. जिमवरून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा रक्त भरलेलं असतं, टेप जास्तच दाखवतो आणि तासाभरात ते उतरलं की उगाच वाईट वाटतं.

माझा पहिला आकडा साडेअकरा इंच होता, तोही बेटकुळी काढून. वय २१, वजन ५४, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो आणि दोन वेळ मेस. त्या वर्षी ढोल पथकात नाव घातलं तर तिथला एक दादा म्हणाला, तू ढोल बांधणार का ढोल तुला बांधायचा ते ठरव आधी. आता पावणेपंधरा आहे. त्याला सहा वर्षं लागली आणि त्यातली पहिली दीड वर्षं पूर्ण पाण्यात गेली, कारण मी त्या दीड वर्षात जवळजवळ फक्त कर्ल (वजन धरून कोपर दुमडत वर आणणं) मारले.

सुरुवातच भारी झाली होती. पहिल्या दिवशी जिममधल्या सरांना (जिमचं नाव नको, आता तिथे मोबाईलचं दुकान आहे) मी म्हणलं सर मला फक्त हात करायचेत, त्यांनी पण आनंदाने बायसेप्सचे (दंडाच्या पुढच्या स्नायूचे) पंधरा सेट, म्हणजे न थांबता मारलेल्या फेऱ्या, काढून घेतले. दुसऱ्या दिवशी कोपर सरळच होईना. चार दिवस ॲक्टिव्हावर सीटच्या पार पुढच्या टोकाला बसून चालवत होतो कारण हात हँडलपर्यंत पोचत नव्हते, आणि केस विंचरायला हात वर जाईना म्हणून डोकंच खाली वाकवून कंगव्याकडे न्यायचो. आता हसू येतं, पण हे दर वेळी हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. पहिल्याच दिवशी किंवा मोठ्या गॅपनंतर एवढा मार दिला आणि दंड सुजून टम्म झाला, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट व्हायला लागली, तर स्नायू इतके तुटलेत की त्यातला मायोग्लोबिन (स्नायूतलं एक प्रोटीन) रक्तात उतरून किडनीवर ताण देतोय, तेव्हा घरी पाणी पीत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. म्हणून पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट, आणि तेही असे की संपल्यावर वाटलं पाहिजे अजून जमलं असतं.

आता दंडात असतं काय ते बघू, कारण दीड वर्ष मला हेच माहीत नव्हतं. पुढून दिसतो तो बायसेप्स, त्याला दोन तोंडं, म्हणजे दोन जागांहून निघणारे दोन भाग. त्याच्या खाली लपलेला ब्रॅकिॲलिस, हा भरला की वरचा बायसेप्स अजून बाहेर ढकलला जातो आणि दंड समोरून रुंद दिसतो. आणि मागे ट्रायसेप्स, त्याला तीन तोंडं, आणि दंडाच्या एकूण मांसातला साधारण दोन तृतीयांश भाग या मागच्याचा. म्हणजे आरशात उभं राहून ज्या बेटकुळीवर आपण रोज जीव टाकतो तो लहान भाऊ आहे, बाही भरतो तो मागचा मोठा.

ट्रायसेप्सचं एक तोंड, लाँग हेड, थेट खांद्याच्या पात्यापासून निघतं. बाकीची दोन दंडाच्या हाडावरूनच निघतात. त्यामुळे हात डोक्यावर नेला की हे लाँग हेड पूर्ण ताणलं जातं, आणि ताणलेल्या अवस्थेत काम दिलं की ते चांगलं वाढतं. यावर एक मस्त प्रयोग झालाय, त्यात माणूस तोच पण एका हाताने डोक्यावर एक्सटेन्शन (दुमडलेलं कोपर वजनासकट सरळ करणं) आणि दुसऱ्या हाताने दंड शरीराजवळ ठेवून, असं १२ आठवडे केलं तर डोक्यावर काम केलेल्या हाताचा ट्रायसेप्स जास्त वाढला, वजन कमी वापरूनसुद्धा. मी नुसते पुशडाउन (वरच्या पुलीचा दांडा खाली दाबणं) मारायचो तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर.

बायसेप्सची पण एक गंमत. तो कोपर दुमडतो हे सगळ्यांना माहितीये, पण तळहात वर फिरवणं हेही त्याचंच काम. उजव्या हाताने स्क्रू घट्ट पिळताना डावा हात दंडावर ठेवून बघा, बायसेप्स उचलेल. म्हणून डंबेल कर्लमध्ये वर येता येता तळहात आपल्याकडे फिरवायचा. हॅमर कर्लमध्ये मात्र फिरवायचा नाही, अंगठा वरच ठेवायचा, त्याने ब्रॅकिॲलिस आणि फोरआर्मला (कोपर ते मनगट) काम लागतं.

आठवडा कसा लावायचा

नवीन असाल तर बाय-ट्रायचा वेगळा दिवस करू नका. आपल्याकडे सोमवारी अख्खी जिम चेस्ट मारते, बेंचला लाइन लागते, मंगळवारी बॅक आणि शनिवारी एकदाच हात, म्हणजे हातांचा नंबर आठवड्यातून एकदा. त्यापेक्षा तीन दिवस पूर्ण शरीर आणि त्यातल्या दोन दिवशी शेवटी हात, हे जास्त चालतं.

सोमवारी बेंच प्रेस (आडवं पडून रॉड छातीवरून वर ढकलणं) ३ सेट ६ ते १० रेप्सचे, म्हणजे एका सेटमध्ये तेवढ्या वेळा, केबल रोइंग (बसून केबल पोटाकडे ओढणं) ३ सेट ८ ते १२ चे, स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठका) ३ सेट. मग हात: डोक्यामागून ट्रायसेप्स एक्सटेन्शन ३ सेट १० ते १५, आणि इन्क्लाइन बेंचवर मागे टेकून डंबेल कर्ल ३ सेट ८ ते १२. मागे टेकल्यावर हात शरीराच्या मागे लोंबतो, बायसेप्स ताणला जातो, म्हणून उभ्याने मारता त्यापेक्षा हलका डंबेल घ्या, इगो खिशात.

बुधवारी शोल्डर प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाउन (वरचा बार छातीपर्यंत ओढणं), पायाच्या मागच्या बाजूसाठी रोमानियन डेडलिफ्ट (रॉड धरून कमरेत वाकून उठणं), प्रत्येकी ३ सेट आणि घरी. हात नाही.

शुक्रवारी क्लोज ग्रिप बेंच ३ सेट ६ ते १०, म्हणजे हात खांद्याएवढ्याच अंतरावर, अगदी चिकटवू नका, मनगट दुखतं. मग चिन-अप (बारला लटकून हनुवटी बारच्या वर नेणं) ३ सेट, तळहात स्वतःकडे करून, जमत नसेल तर त्याच पकडीने पुलडाउन. लेग प्रेस. शेवटी पुलीवर पुशडाउन ३ सेट आणि हॅमर कर्ल ३ सेट.

यात ट्रायसेप्सला आणि बायसेप्सला आठवड्याला सरळ नऊ-नऊ सेट होतात, शिवाय बेंच, रोइंगमध्ये जे आपोआप मिळतं ते वेगळं. साधारणपणे आठवड्याला १० ते २० मेहनतीचे सेट ही चांगली रेंज मानतात, तर आपण खालच्या टोकाला आहोत आणि सुरुवातीला तिथेच राहायचं. सहा महिन्यांनी वाढ थांबली तर दोन-तीन सेट वाढवा, पहिल्या महिन्यात नाही. पाय सोडू नका हे सांगायला हवं का, सांगतो, खाली अगरबत्तीच्या काड्या आणि वर दंड असं बरं दिसत नाही.

मोठ्या व्यायामात दोन सेटच्या मध्ये २ ते ३ मिनिटं थांबा, हातांच्या व्यायामात दीड मिनिट पुरे. वेळ कमी असेल तर एक सेट ट्रायसेप्स, मिनिटभर दम, एक सेट बायसेप्स असं आलटून पालटून मारा, पण संध्याकाळी सातला दोन जागा अडवल्या तर शिव्या खाल, म्हणून एकच खालची पुली धरा, दोरी लावून पाठ करून उभे राहिलात की डोक्यावरचं एक्सटेन्शन आणि तोंड करून उभे राहिलात की कर्ल. बाजूचा माणूस पण खूश.

वार्मअप म्हणजे ट्रेडमिलवर पंधरा मिनिटं फोन बघणं नाही. पाच मिनिटं अंग हलवा, मग जो व्यायाम करायचाय त्याचाच अर्ध्या वजनाने एक सेट आणि पाऊण वजनाने एक छोटा सेट, झालं.

वजन किती घ्यायचं आणि वही

सेट कुठे थांबवायचा याचं उत्तर एकच, अजून एक किंवा दोनच रेप्स नीट जमल्या असत्या असं वाटेल तिथे. बहुतेक लोक पाच-सहा शिल्लक असतानाच डंबेल ठेवतात कारण दंडात आग व्हायला लागते. आग होणं म्हणजे संपलं नाही. स्वतःला कळत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा पुशडाउन किंवा कर्लचा शेवटचा सेट खरंच अडेपर्यंत मारून बघा, खरी लिमिट कुठे आहे ते कळेल. हा प्रयोग बेंचवर एकट्याने करायचा नाही, रॉड छातीवर घेऊन मदतीला हाका मारलेल्या लोकांना मी पाहिलंय.

आता वही. अप्पा बळवंत चौकातून शंभर पानी वही घ्या, फोनमधलं ॲप पण चालेल पण फोन हातात आला की रील सुरू होते हे आपण सगळे जाणतो. प्रत्येक व्यायामाचं वजन आणि रेप्स लिहायच्या. समजा कर्ल साडेसात किलोने ८, ८, ७ झाले. पुढच्या वेळी ९, ८, ८. असं करत तिन्ही सेट १२ झाले की वजन वाढवायचं आणि परत ८ वर यायचं. इतकंच आहे खरं तर. माझी दीड वर्षं गेली त्याचं दुसरं कारण हेच, लिहीत नव्हतो, रोज तोच १० किलोचा डंबेल उचलून तेवढ्याच रेप्स मारून घाम गाळून घरी जायचो आणि वाटायचं मेहनत चालूये.

इथे एक अडचण येते ती सांगतो. जिममध्ये डंबेल बरेचदा अडीच-अडीच किलोने वाढतात. साडेसातवरून १० म्हणजे एकदम तिसऱ्या हिश्श्याची उडी, बेंचला अडीच किलो काहीच नाही पण कर्लला खूप आहे. मग लोक १० उचलतात आणि कंबर मागे झोकून झोके घेतात. त्यापेक्षा साडेसातनेच १५ पर्यंत जा आणि मग उडी मारा, किंवा रॉडवर सव्वा किलोच्या दोन छोट्या प्लेट लावून कर्ल करा. छोट्या प्लेटा सगळ्या जिममध्ये कुठेतरी कोपऱ्यात धूळ खात असतात, शोधा.

झोके घेताय का हे बघायचं तर भिंतीला पाठ टेकून कर्ल मारा. कोपर बरगडीजवळ, खाली जाताना दोन-तीन सेकंद, आणि हात पूर्ण सरळ. अर्धाच खाली नेऊन परत वर आणला तर ताणाचा भाग गेला, जो सगळ्यात कामाचा. डोक्यामागच्या एक्सटेन्शनमध्ये कोपरं थोडी बाहेर गेली तर जाऊ देत, जबरदस्तीने कानाला चिकटवलीत तर खांदा कुरकुरतो.

आणि कोपर. दंडाचा स्नायू महिन्याभरात तयार होतो पण कोपराजवळचे टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर) हळू चालतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, वजन भराभर वाढत असतं तेव्हाच कोपर दुखायला लागतं. स्नायूचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात असतं आणि मग जातं, टेंडनचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं आणि दरवाजाचं कुलूप उघडताना पण जाणवतं. तसं झालं तर तो व्यायाम दोन-तीन आठवडे बदला, सरळ रॉड सोडून झेड रॉड (वाकडा रॉड) किंवा दोरी घ्या, वजन कमी आणि रेप्स २० पर्यंत. तरी नाही गेलं तर फिजिओकडे, यूट्यूबकडे नाही.

जिम परवडत नसेल तर

कॉट बेसिसवर राहताना तीन महिने जिमची फी नव्हती, तेव्हा तळजाईच्या टेकडीवर जायचो. महापालिकेच्या बागांमधल्या ओपन जिमच्या मशीनवर वजन वाढवता येत नाही, त्यामुळे आजी-आजोबांसाठी त्या छान आहेत, आपल्याला तिथला फक्त लटकायचा बार हवा. चिन-अप एकही निघत नसेल तर उडी मारून वर जा आणि पाच सेकंद मोजत खाली या, पहिल्यांदा फक्त तीन-चार वेळा, कारण असं हळू खाली येण्यानेच अंग सगळ्यात जास्त दुखतं.

ट्रायसेप्ससाठी जोर मारा. आपल्या पेठांमधल्या तालमींमध्ये पिढ्यानपिढ्या जोर-बैठकांवरच अंगं कमावलीत, महाराष्ट्रीय मंडळासारखी संस्था कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली काढली तेव्हा पुण्यात पुली आणि केबल कुठे होतं. पण वीस जोर सहज निघायला लागले की नुसता आकडा वाढवत बसू नका, हात जवळ आणून पुशअप्स मारा, मग पाठीवर सॅक. सॅकमध्ये एमपीएससीची पुस्तकं भरली तर वजनाला काही कमी नाही, नसतील तर पाण्याच्या बाटल्या, १ लिटर म्हणजे १ किलो, हिशोब सोपा. तीच सॅक वरच्या पट्ट्याने धरून कर्ल, आणि डोक्यामागे धरून एक्सटेन्शन. चेन नीट लावा, मी एकदा पंचायत राज डोक्यावर पाडून घेतलंय.

खाणं, म्हणजे खरी बोंब इथे

वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन रोज. ६० किलोच्या माणसाला ९६, म्हणजे धरा शंभर. मेसच्या ताटात तीन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ आमटी आणि भात, यात वीसच्या आसपास मिळतं. दोन्ही वेळचं धरून चाळीस. उरलेले साठ कुठून तरी आणायचेत.

चार अंडी २४. ग्लासभर चितळेचं दूध ८. सोया चंक्स कोरडे ३० ग्रॅम घेतले, भिजवून पिळून मसाला मारून, तर १५, आणि यापेक्षा स्वस्त काही नाही. मूठ-दीड मूठ फुटाणे, ५० ग्रॅम, १० ग्रॅम. झाले ५७, व्हेला (प्रोटीन पावडरला) हात न लावता. शाकाहारी असाल तर अंड्यांच्या जागी १०० ग्रॅम पनीर, १८ च्या आसपास, आणि मटकीच्या उसळीची एक वाटी जास्त मागा, मेसवाल्या काकू उसळीला नाही म्हणत नाहीत. मिसळ हा प्रोटीनचा पदार्थ आहे असं मानणारे मित्र मला आहेत, पण त्यात मटकीपेक्षा फरसाण आणि तर्रीच जास्त असते.

बारीक लोकांना नुसतं प्रोटीन पुरत नाही, एकूणच जास्त खायला लागतं. रोज जे खाताय त्यावर २५०-३०० कॅलरी, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे आणि गुळाचा खडा, झालं. महिन्याला किलोभर वजन वाढलं तर बरोबर चाललंय, तीन किलो वाढलं तर त्यातलं बरंचसं पोटावर गेलंय. पोट आधीच असेल तर जास्त खायची गरज नाही, प्रोटीन पूर्ण करा आणि व्यायाम करा, सुरुवातीला चरबी कमी होताना पण स्नायू वाढतो.

श्रावणात आणि चतुर्थीला गडबड होते. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. म्हणून कूट जास्त, सोबत दही, रात्री दूध किंवा पनीर. माझी आई म्हणते उपासाला एवढं खायचं तर उपास कशाला, तिचं बरोबर आहे.

क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, हे एकच सप्लिमेंट मी डोळे झाकून सांगेन, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारून. सुरुवातीला वजन किलो-दीड किलोने वाढेल, ते बरंचसं पाणी. व्हे घेतलीत तर ती दुधाचीच पावडर, जादू नाही. पण जिमच्या लॉकरपाशी कुणी इंजेक्शनची गोष्ट काढली तर तिथून निघा. मेफेंटरमाइन म्हणून जे विकतात ते ऑपरेशनच्या वेळी पडलेलं ब्लड प्रेशर वर आणायचं औषध आहे, पुण्यात पोलिसांनी त्याच्या विक्रीवर कारवाया केल्यात, आणि ते मारून जिममध्ये उड्या मारणारा स्वतःच्या हृदयाशी खेळत असतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, पुढे मूल व्हायला अडचण येते, हे विकणारा सांगत नाही.

झोप सात-आठ तास. यावर जास्त काय लिहू.

मुलींनी हेच सगळं असंच करायचं, वेगळं काही नाही. दंड एकदम पैलवानासारखे होतील ही भीती असेल तर माझ्याकडे बघा, मुद्दाम प्रयत्न करून सहा वर्षांत सव्वातीन इंच.

टेप परत दर चार आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच जागी. रोज मोजाल तर वेड लागेल. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा-पाऊण इंच वाढला तर मस्त चाललंय. काहीच नाही हलला तर आधी वही उघडा, वजनं-रेप्स वाढल्यात का, आणि मग काटा, शरीराचं वजन वाढलंय का. वहीत आकडे वाढलेत पण काटा हललेला नाही म्हणजे खाणं कमी पडतंय. काटा वाढला पण वही तिथेच, तर सेट आळसात चाललेत. दोन्ही वाढूनही टेप अडलेला असला तर अजून एक महिना थांबा. दर सात-आठ आठवड्यांनी एक आठवडा निम्मे सेट करा, कोपरं दुवा देतील.

जुलैमध्ये पथकाची प्रॅक्टिस सुरू झाली की फोरआर्म आणि खांदे रोज दोन-दोन तास ढोलावर मरतात, त्या काळात हॅमर कर्ल बंद आणि सगळ्याचा एक-एक सेट कमी करा, नाहीतर टिपरू (ढोल वाजवायची काठी) हातात राहत नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जिमला जाऊ नका, त्या रात्री आपण बारा-चौदा तास उभे असतो. वहीत त्या तारखेपुढे फक्त ढोल असं लिहायचं.